टॉरवरचा नोड आणि चुकलेलं घड्याळ

माझं फोनमधलं बिटकॉइन वॉलेट शिल्लक दाखवायला दर वेळी एका परक्या सर्व्हरला विचारत होतं. विचारत होतं म्हणजे काय, तर नाणी ज्यांवर येतात ते माझे झाडून सगळे पत्ते त्याच्यापुढे ठेवून ‘यांवर किती आहेत ते सांग’ म्हणत होतं. साखळीवर, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांच्या जाहीर वहीत, हे पत्ते एकमेकांशी ओळखदेख नसल्यासारखे सुटे पडलेले असतात. त्या सर्व्हरला मात्र ते एकाच बाईचे आहेत हे पहिल्याच दिवशी कळलं असणार, आणि ती बाई कुठल्या आयपी पत्त्यावर बसते हेही. स्वतःची डायरी शेजाऱ्यांकडे ठेवायची आणि रोज त्यांनाच जाऊन विचारायचं, अहो, काल मी काय लिहिलं होतं? हे लक्षात आलं त्या दिवशी मी स्वतःचा नोड, म्हणजे बिटकॉइनच्या जाळ्यातलं स्वतःचं यंत्र, चालवायचं ठरवलं.

नोड आपला असला की अख्खी साखळी आपल्याकडे असते, कुणाला काही विचारायची गरज उरत नाही. पण नोड स्वतः गप्प बसत नाही. तो जगभरच्या इतर नोडांशी सतत बोलत असतो आणि ज्यांच्याशी बोलतो त्यांना त्याचा आयपी पत्ता दिसतो. जाळ्यात काही नोड असे असतात की ते शेकडो जणांशी कनेक्शन लावून नुसते कान देऊन बसतात: अमुक व्यवहार सगळ्यांत आधी कुणाकडून ऐकू आला? ज्याच्याकडून आधी आला, त्याचाच तो असण्याचा संभव जास्त. त्यात भर म्हणजे हे सगळं बोलणं वर्षानुवर्षं उघड्या मजकुरात चालायचं. नोड ज्यावर चालतो त्या बिटकॉइन कोअर या सॉफ्टवेअरच्या २७.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, ते आपोआप कुलूपबंद होऊ लागलं, तेही समोरच्या नोडला जमत असेल तरच. म्हणून म्हटलं, चालवायचा तर टॉरवरूनच, म्हणजे निरोप अनेक टप्प्यांतून फिरवून पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा लपवणाऱ्या जाळ्यावरूनच.

यंत्र म्हणून रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक घेतला, ८ जीबी रॅमचा, आणि त्याला यूएसबीवर १ टीबीची एसएसडी. साखळी ६०० जीबीच्या पुढे गेलेली आहे, तेव्हा त्याहून लहान डिस्क घेण्यात अर्थ नव्हता. जागा कमी असेल तर जुने ब्लॉक (साखळी ज्यांची बनते ते व्यवहारांचे गठ्ठे) छाटून टाकणारा नोडही चालवता येतो, पण मला पुढे फोनवरचं वॉलेट त्याला जोडायचं होतं, त्यासाठी पूर्ण साखळी लागते. मेमरी कार्डावर साखळी ठेवायचा विचारही करू नका. सततच्या लिहिण्याने ते कार्ड जीव सोडतं.

टॉर बसवला, तो ९०५० पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकू लागला. बिटकॉइन कोअरच्या कॉन्फिग फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या: बाहेर जाताना या पोर्टातूनच जा, आणि फक्त ओनियन पत्त्यांशीच, म्हणजे टॉरच्या आतल्या पत्त्यांशीच, बोल. नोड सुरू झाला, पण त्याला स्वतःचा ओनियन पत्ता काही मिळेना. वाचल्यावर कळलं की पहिली, म्हणजे प्रॉक्सीची, ओळ दिसली की कोअर सावधगिरी म्हणून बाहेरून येणाऱ्यांसाठीचं दार आपणहून लावून घेतो. ते उघडायला तिसरी ओळ लागते. ती लिहिली. आता लॉगमध्ये नवं रडगाणं: कुकी फाइल उघडता आली नाही, परवानग्या तपासा.

ही भानगड अशी. नोडला टॉरकडून ओनियन पत्ता मागून घ्यायचा असतो. त्यासाठी टॉरचा दुसरा, हुकूम घेणारा पोर्ट असतो, ९०५१. तिथे ओळख पटवायला टॉर एक छोटीशी फाइल ठेवतो आणि ती वाचायची मुभा त्याच्याच गटातल्या वापरकर्त्यांना असते. नोड ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याला मी त्या गटात टाकलं. तरी तेच रडगाणं. फाइलचे हक्क पाहिले, बरोबर. गट पाहिला, बरोबर. अर्धा तास मी स्क्रीनकडे आणि स्क्रीन माझ्याकडे बघत बसली. मग डोक्यात प्रकाश पडला: आधीपासून चालू असलेल्या सेवेला आपण नव्या गटात आलोय याची खबरच नसते. नोड बंद करून पुन्हा सुरू केला आणि लॉगमध्ये तो पत्ता उमटला, ५६ अक्षरांचा. या पत्त्यांचं शेवटचं अक्षर कायम ‘डी’ असतं, कारण तिथे पत्त्याच्या आवृत्तीचा आकडा, ३, सांकेतिक रूपात बसवलेला असतो. दुसऱ्या आवृत्तीचे पत्ते १६ अक्षरांचे होते, ते टॉरने २०२१ मध्ये बंद केले. त्याच वर्षी जानेवारीत कोअरची ०.२१ आवृत्ती आली नसती, तर टॉरवरच्या नोडांची पंचाईत झाली असती. लांब पत्ते एकमेकांना सांगायची सोयच त्याआधी त्यांच्याकडे नव्हती.

मग सिंक, म्हणजे पहिल्या ब्लॉकपासून आजवरची साखळी उतरवून घेणं. इथे मला माझ्या हट्टाची किंमत कळली.

दोन ओनियन पत्त्यांमधलं बोलणं सहा टप्प्यांतून जातं. तीन आपल्या बाजूचे, तीन समोरच्याचे, आणि मध्ये कुठेतरी दोघं भेटतात. एकमेकांचा ठावठिकाणा कुणालाच कळत नाही, पण प्रत्येक निरोपाला वेळ लागतो. माझ्या यादीतल्या पीअरांचे, म्हणजे जोडलेल्या नोडांचे, पिंग (निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) अर्ध्या सेकंदापासून दीड सेकंदापर्यंत होते. सुरुवात झकास झाली. लॉगमध्ये ब्लॉकचे क्रमांक आणि तारखा सरकत होत्या. १२ जानेवारी २००९ चा १७० क्रमांकाचा ब्लॉक, ज्यात बिटकॉइनच्या जनकाने, सातोशी नाकामोतोने, हॅल फिनी या प्रोग्रामरला नाणी पाठवली, तो मी खुर्ची ओढून बसेपर्यंत मागे पडला होता. ऑगस्ट २०१० मधला ७४,६३८ वा मात्र मुद्दाम थांबून शोधला. त्या क्रमांकाच्या मूळ ब्लॉकमध्ये कोडमधल्या चुकीमुळे १८४ अब्ज नाणी हवेतून तयार झाली होती आणि काही तासांत दुरुस्ती करून तो ब्लॉक साखळीबाहेर टाकला गेला. माझ्याकडे आला तो अर्थातच त्याच्या जागी बसलेला शहाणा ब्लॉक.

२०१५ च्या आसपास ब्लॉक भरलेले येऊ लागले आणि गाडी रुतली. लॉगमध्ये सारखं एकच: अमुक पीअर ब्लॉक द्यायला अडून बसलाय, कनेक्शन तोडतोय. नोड पुढच्या ठरावीक ब्लॉकांची मागणी बऱ्याच जणांकडे वाटून देतो आणि एखाद्यामुळे सगळी रांग खोळंबली की त्याला हाकलतो. त्याची मूळ मुदत दोन सेकंदांची, ती परिस्थिती बघून वाढत चौसष्टपर्यंत जाते. टॉरवर दोन सेकंद म्हणजे काहीच नाही. हाकललेल्याच्या जागी नवा पीअर शोधायचा, म्हणजे पुन्हा सहा टप्प्यांचा रस्ता बांधायचा. माझा सिंक अकरा दिवस चालला.

आज कुणी विचारलं तर मी सांगेन, पहिला सिंक उघड्या इंटरनेटवरून करा आणि मग टॉरवर जा. जुने ब्लॉक सगळ्या जगाला माहीत आहेत, ते आणण्यात तुमचं काही उघडं पडत नाही. उघडं पडतं ते एवढंच की या घरात नोड आहे. तेवढंही झाकायचं असेल तर मात्र अकरा दिवस काढायला लागतील. आणि एक गोष्ट मला नंतर टोचत राहिली. टॉरचे टप्पे चालवणारी माणसं स्वयंसेवक असतात. माझे ६०० जीबी त्यातल्या सहा-सहा जणांनी पाठीवरून वाहून आणले होते, कशासाठी, तर जे कुठूनही मिळालं असतं त्यासाठी.

सिंक संपल्यावर तिसऱ्या दिवशी कोण कोण जोडलंय ते पाहायला यादी काढली आणि पोटात गोळा आला. बाहेरून आलेले चौदा पीअर, आणि चौदाही जणांचा पत्ता १२७.०.०.१. म्हणजे माझंच यंत्र! मला वाटलं, आत कुणीतरी शिरलंय. तसं काही नव्हतं. टॉरमधून येणारा प्रत्येक पाहुणा आधी माझ्या यंत्रावरच्या टॉरकडे येतो आणि टॉर त्याला ८३३४ पोर्टवर नोडच्या हवाली करतो. नोडला दिसतो तो फक्त दारापर्यंत सोडायला आलेला माणूस. कोअर त्यांच्यापुढे ‘ओनियन’ अशी नोंद करतो, ती मी पाहिलीच नव्हती. यातून एक अडचणही निघते: चौदांतला एखादा त्रास देऊ लागला तर पत्त्यावरून त्याला कायमची बंदी घालता येत नाही, कारण तो पत्ता सगळ्यांचाच आहे.

आता सगळं जमलं असं वाटून मी एक उगाचची परीक्षा घेतली. यंत्रातून बाहेर जाणारी डेटाची पाकिटं पकडून पाहिली. नोडचं एकही पाकीट टॉरबाहेर जात नव्हतं. पण यंत्राची इतर कामं बिनधास्त उघड्यावर चालली होती: अपडेट आहेत का म्हणून विचारपूस, नावांवरून पत्ते शोधणं, आणि घड्याळ जुळवायला वेळेच्या सर्व्हरांना हाक. त्यातून नोडबद्दल काही कळत नव्हतं, तरी मला ते खुपलं. मी फायरवॉलचा नियम लिहिला: टॉर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो तो सोडून कुणीही या यंत्रातून बाहेर पडायचं नाही. (पहिल्या प्रयत्नात घरातल्या नेटवर्कलाही परवानगी द्यायला विसरले आणि स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं. स्क्रीन आणि कीबोर्ड जोडून आत जावं लागलं. हे प्रत्येकाचं एकदा होतंच.) अपडेट टॉरमधून घ्यायची सोय केली. पाकिटं पुन्हा पकडली. एकदम शांत. खूश होऊन झोपले.

दोन आठवड्यांनी रात्री वीज गेली ती सकाळी आली. पाय आपोआप सुरू झाला, नोड सुरू झाला, पण पीअर शून्य. टॉरच्या लॉगमध्ये लिहिलं होतं की तुमचं घड्याळ नऊ तास मागे आहे आणि घड्याळ बरोबर असल्याशिवाय टॉर नीट चालत नाही.

रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेली की त्याच्यापुरता काळ थांबतो. पुन्हा सुरू झाल्यावर तो शेवटची जपून ठेवलेली वेळ धरून चालतो आणि इंटरनेटवरून खरी वेळ विचारून घेतो. टॉरला वेळ एवढी महत्त्वाची, कारण जाळ्यात कोणते टप्पे आहेत याची सह्यांनिशी यादी दर तासाला नवी निघते आणि तीन तासांत कालबाह्य होते. नऊ तास मागे राहिलेल्या यंत्राला ताजी यादी भविष्यकाळातून आल्यासारखी दिसते. आणि वेळ विचारायचा रस्ता? तो मीच बंद केला होता. वेळ विचारणारी पाकिटं यूडीपी नावाच्या प्रकारची, टॉर ती वाहतच नाही. म्हणजे टॉर चालायला बरोबर वेळ हवी, वेळ आणायला बाहेर जायला हवं, आणि बाहेर जायचं तर टॉरशिवाय दार नाही. कुलपाची किल्ली कपाटात आणि कपाटाला तेच कुलूप.

हाताने वेळ लावू म्हटलं. मनगटावरच्या घड्याळात बघून ऐटीत हुकूम टाइप केला. टॉर पुन्हा कुरकुरला, आता म्हणे तुमचं घड्याळ पुढे आहे. यंत्र मीच यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, ठेवलं होतं आणि टाइप केली होती घरची वेळ. तिसऱ्या खेपेला जमलं. मिनिटाभरात टॉर शंभर टक्क्यांवर गेला आणि पीअर एकेक करत परतले.

बिटकॉइनलाही घड्याळ लागतंच, हे मला तेव्हा नीट कळलं. ज्या ब्लॉकची वेळ नोडच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून पुढची असेल, तो ब्लॉक नोड नाकारतो. टॉर कसाबसा चालला असता, तरी माझ्या मागे पडलेल्या नोडने सगळ्या जगाचे ताजे ब्लॉक नाकारले असते.

पक्का उपाय अगदी लहान निघाला. डीएस३२३१ नावाची चिप असलेलं बोटाच्या पेराएवढं घड्याळ मिळतं, मागे एक नाण्याएवढा सेल. ते पायच्या पिनांवर बसवलं, बूटच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली, आणि खोटी वेळ जपून ठेवणारी सेवा काढून टाकली. मग मुद्दाम प्लग ओढून रात्रभर यंत्र बंद ठेवलं. सकाळी टॉर पहिल्या फटक्यात उठला. ज्यांना फायरवॉल एवढी कडक नकोय त्यांनी वेळेच्या सर्व्हरपुरती फट ठेवावी. त्यात लपवण्यासारखं फारसं काही नाही. मी ठेवली नाही, कारण एव्हाना तो इभ्रतीचा प्रश्न झाला होता.

यानंतरची चूक निव्वळ घाईची. वीज जाण्याचा धसका घेऊन मी एका जुन्या लॅपटॉपवर दुसरा नोड उभा करायचं ठरवलं. पुन्हा अकरा दिवस कोण घालवणार? पायवरचा नोड बंद केला, डेटाचं अख्खं फोल्डर लॅपटॉपवर उतरवलं, दोन्ही सुरू केले. दोन दिवस सगळं आलबेल. मग पायवर येणाऱ्या पाहुण्यांची संख्या घसरायला लागली. कधी वीस, कधी चार. ज्या लॅपटॉपचा पत्ता जगात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, त्याच्याकडे मात्र भराभर लोक येत होते. दोघांचे लॉग शेजारी-शेजारी लावले तेव्हा दिसलं: दोघांचा ओनियन पत्ता एकच. तोवर मी त्या ५६ अक्षरांतली पहिली चारच बघत आले होते, तीही एका वेळी एकाच यंत्रावर.

ओनियन पत्त्याची खासगी किल्ली टॉरकडे नसते. ती नोड आपल्या डेटा फोल्डरात एका छोट्या फाइलमध्ये ठेवतो. सहाशे जीबींबरोबर तीही निमूट लॅपटॉपवर आली होती. ‘मला गाठायचं तर इथे या’ अशी पाटी दोघंही आलटून पालटून लावत होते, आणि ज्याची पाटी शेवटची, त्याच्याकडे पाहुणे जात होते. लॅपटॉपवरची ती फाइल उडवली, नोड पुन्हा सुरू केला, त्याने नवा पत्ता घेतला. माझ्या घरातच घडलं म्हणून हसण्यावारी गेलं. पण ते फोल्डर मी सिंकचा वेळ वाचावा म्हणून दुसऱ्या कुणाला दिलं असतं, तर माझ्या नोडचं नाव लावून बसायचा हक्कही त्याच्या हातात गेला असता.

सगळं स्थिरस्थावर झाल्यावर एक शंका पोखरायला लागली. माझा नोड फक्त ओनियन पत्त्यांशी बोलतो. ओनियन पत्ता बनवायला काय लागतं? काहीच नाही. एक माणूस एका लॅपटॉपवर ते ढिगाने बनवू शकतो. आयपी पत्त्यांच्या बाबतीत कोअर वेगवेगळ्या गटांतले पीअर निवडतो आणि एवढ्या गटांत पत्ते जमवायला पैसा लागतो. ओनियनमध्ये ती अडचण नाही. माझी बाहेर जाणारी दहाही कनेक्शनं एकाच माणसाच्या नोडांकडे गेली, तर तो दाखवेल तेवढंच जग मला दिसेल. खोटी नाणी तो माझ्या गळी उतरवू शकणार नाही, कारण नियम माझा नोड स्वतः तपासतो, पण ताजे ब्लॉक तो दडवू शकतो. टॉरवरचं बिटकॉइन म्हणजे निर्धास्त, असं समजू नये याचा इशारा लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स बिर्युकोव्ह आणि इव्हान पुस्तोगारोव्ह यांनी २०१४ मध्येच दिला होता. त्यांची युक्ती वेगळी होती. टॉरमधून उघड्या इंटरनेटवर निघायची जी दारं असतात, त्यांतून मुद्दाम बिघडलेले निरोप पाठवायचे, म्हणजे बिटकॉइनचे नोड त्या दारांवर चोवीस तासांची बंदी घालतात आणि हल्लेखोराची दारं तेवढी उघडी उरतात. ओनियन ते ओनियन बोलण्यात ती दारं लागतच नाहीत, म्हणून तो विशिष्ट डाव माझ्यावर चालत नाही. पण बोलण्याचा रस्ता एकच असला की तो अडवता येतो, हा मुद्दा राहतोच.

मी तडजोड केली. पायवर टॉरच्या जोडीला आयटूपी हे दुसरं निनावी जाळं सुरू केलं, कोअरच्या २२.० आवृत्तीपासून ती सोय आहे. त्याच्यापुरती फायरवॉलमध्ये वाट ठेवली. लॅपटॉपवरचा नोड उघड्या इंटरनेटवर सोडला. त्यावर वॉलेट नाही, व्यवहार नाहीत, काही लपवण्यासारखं नाही. त्याचं काम एकच: दिवसातून एकदा मी दोघांच्या शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक आणि हॅश (ब्लॉकची सांकेतिक ओळख) ताडून बघते. आजवर फरक सापडलेला नाही. कधीमधी टॉरवाला एखाद्या ब्लॉकने मागे असतो आणि मी चहाचा कप ठेवून परत येईपर्यंत गाठतो.

शेवटी फोन. पायवर वॉलेटच्या प्रश्नांना उत्तरं देणारा सर्व्हर बसवला, त्याला वेगळा ओनियन पत्ता दिला आणि फोनवरच्या वॉलेटला तेवढाच पत्ता दाखवला. शिल्लक दिसायला आता सात-आठ सेकंद लागतात. गोल चक्र फिरत राहतं आणि मला माहीत असतं की ते सहा टप्प्यांवरून माझ्याच खोलीत येऊन परत जातंय.

पण त्या परक्या सर्व्हरला जे कळलं होतं ते कळलंच. नोडने ते पुसता येत नाही. म्हणून फोनवर नवं कोरं वॉलेट काढलं, ज्याचा एकही पत्ता माझ्या नोडखेरीज कुणी पाहिलेला नाही. आता जुन्यातली नाणी नव्यात टाकली, तर तो व्यवहार साखळीवर कायमचा दिसणार आणि जुनी मी व नवी मी एकच हे कुणालाही जोडता येणार. जुन्या वॉलेटमधली नाणी मी अजून हलवलेली नाहीत.